नैसर्गिक सहनशीलता

मंगळवारी सकाळी सव्वादहाला राजेशने रत्नदीपच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला, ‘‘सही ठोका दादा, शुक्रवारी ऑडिट आहे,’’ म्हणाला आणि चहाला निघून गेला. राजेश क्वालिटी विभागात होता. क्वालिटीतली माणसं कागद ठेवतात आणि चहाला जातात; परत येतात तेव्हा सही झालेली असते; यालाच क्वालिटी म्हणतात. रत्नदीपने सवयीने शेवटचं पान काढलं, पेनाचं टोपण उघडलं, ‘र’ काढला, आणि एसीच्या झोताने मधलं एक पान उलटलं. तिथे त्याला स्वतःचं नाव दिसलं. अठरा वर्षांत त्याने शेकडो एसओपींवर सह्या केल्या होत्या. एसओपी म्हणजे काम कसं करायचं ते सांगणारा कागद. त्यात ‘ऑपरेटर’ असतो, ‘ॲनालिस्ट’ असतो, माणूस नसतो. इथे कलम चार पॉइंट दोनमध्ये मात्र माणूस होता. मुळांना पुट्रेसीन देण्याचं काम रत्नदीप यांनीच करावं असं लिहिलं होतं, आणि प्रत्येक पायरीला कारण द्यायचं असतं म्हणून शेजारच्या रकान्यात कारणही होतं: वासाची नैसर्गिक सहनशीलता, पारंपरिक पार्श्वभूमी.

कागद इंग्रजीत होता. इंग्रजीत ते इस्त्री केल्यासारखं वाटत होतं. रत्नदीपने मनातल्या मनात त्याचं मराठी केलं, मग त्या मराठीचं आजीच्या बोलीतलं मराठी केलं, आणि दर खेपेला ते जास्त घाण होत गेलं. शेवटी तळाशी उरलं ते एवढंच: याला वास येत नाही, याच्या जातीलाच येत नाही, तेव्हा घालू दे यालाच हात. त्याने पेनाचं टोपण लावलं. एकटा ‘र’ रेघेवर बसून राहिला, दारात उभं करून आत न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. पहिल्यांदा जे जाणवलं तो राग नव्हता, हे त्याला नंतर फार लागलं. पहिल्यांदा त्याला वाटलं ते हे की आपलं नाव बरोबर लिहिलंय, डबल ‘ई’ घालून, एका ‘आय’वर नाही भागवलं.

कुंभिवलीत हायवेच्या कडेला असलेल्या त्या कंपनीत माती नसलेली मुळं वाढवत. धोतऱ्याची. मातीतला एक जिवाणू जखमेतून मुळाला आपली जनुकं चिकटवतो. मग त्या मुळाला झाडाची गरज उरत नाही. खोड नाही, पान नाही, ऊन नाही. काचेच्या फ्लास्कात साखरेचं पाणी, अंधारी खोली, पंचवीस डिग्री, आणि हलत्या तक्त्यावर मिनिटाला नव्वद गिरक्या. न्हाणीच्या जाळीतून केसांचा गुंता बोटाने ओढून काढावा तसा पांढरा, ओला, गुंतलेला पुंजका. फक्त हा जिवंत असे आणि दर आठवड्याला वाढे. नवे ट्रेनी पहिल्या दिवशी ‘वॉव’ म्हणत आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यात शेवया आणत नसत. या मुळांतून हायोसिन काढायचं. ते प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळीत जातं. बोरघाटात एसटीच्या खिडकीबाहेर मान काढून वाकणाऱ्या समस्त जनतेचं पोट रत्नदीपच्या फ्लास्कांत गरगरत होतं असं म्हणायला हरकत नाही.

आणि हायोसिन होतं कशाचं, तर पुट्रेसीनचं. मेलेलं जनावर तिसऱ्या दिवशी जो वास सोडतं त्यातलं निम्मं हेच असतं. नावाचा अर्थच सडणं. कंपनीत ते तपकिरी बाटलीत यायचं, लेबलसकट. धोतऱ्याच्या मुळात एक एन्झाइम असतं, त्याला सगळे पीएमटी म्हणत. ते पुट्रेसीनला एका कार्बनचा बारीकसा तुकडा चिकटवतं, एवढंच त्याचं काम. पण तेवढ्याने त्या सडक्या गोष्टीची वाट बदलते, पुढे पाचसहा वळणं घेऊन तिचं विष होतं, आणि बेताने घेतलं तर औषध. पीएमटी जागं असलं तर. झोपलेलं असलं तर पुट्रेसीन कितीही ओता. ते साचतं, मूळ तपकिरी पडतं, चिमटीत घेतलं की लिबलिबीत तुटतं. म्हणून आदल्या दिवशी दुसरं एक रसायन द्यायचं, त्याला मोगऱ्यासारखा वास. कीड चावली की झाड ते स्वतःच बनवतं. मुळाला ते मिळालं की वाटतं, कुणीतरी आपल्याला खातंय. मग पीएमटी खडबडून उठतं. खाणारं कुणी नसतं. रत्नदीप असतो, पिपेट घेऊन. गेल्या वर्षी त्याने रूपाला गजरा काढून ठेवायला सांगितला होता. रूपा त्याची बायको. तिला वाटलं ह्याचं डोकं दुखतंय. तिच्या मानेतून येणारा तो वास नाकात गेला की आता आपल्याला कुणीतरी कुरतडणार असं त्याला वाटे, हे तो तिला कोणत्या तोंडाने सांगणार होता?

पुट्रेसीनचा क्षारही मिळतो. त्याला जवळजवळ वास नसतो. पण चार वर्षांपूर्वी पर्चेसने चुकून उघड्या वासाचं मागवलं, त्या बॅचला योगायोगाने हायोसिन चांगलं आलं, आणि चांगल्या बॅचमध्ये वापरलेली वस्तू बदलायची तर वर्षभर पुन्हा सगळं सिद्ध करत बसावं लागतं. तेव्हा चूक कायम झाली. चुकीला नंबर मिळाला, आवृत्ती मिळाली, खाली सह्या मिळाल्या. त्यात हे काम करायचं लॅमिनार फ्लोच्या टेबलावर. तिथे मागच्या जाळीतून गाळलेली हवा येते, फ्लास्कांवरून वाहते आणि समोर बसणाऱ्याच्या थेट तोंडावर. मुळांना जंतू लागू नयेत म्हणून ही सोय. बसणाऱ्याला काय लागतं हा यंत्राचा प्रश्न नाही. दर गुरुवारी अठ्ठेचाळीस फ्लास्क, दीड तास. पहिली चार मिनिटं सगळ्यात वाईट. पोटातून गोळा वर येतो, घशाशी थांबतो, तोंडात पातळ पाणी सुटतं. ते गिळायचं. जीभ टाळूला लावून तोंडाने श्वास घ्यायचा. मग वास जिभेवर बसतो, गोडसर, बुळबुळीत, आणि संध्याकाळपर्यंत चहातसुद्धा उतरतो. म्हणून गुरुवारी तो काही न खाता यायचा. सगळ्यांना वाटायचं गुरुवारचा उपास. श्रद्धा मॅडमनी एकदा फार आस्थेने विचारलंही होतं, ‘‘दादा, तुमच्यातही गुरुवार करतात?’’ आणि तो हसला होता. साबुदाण्याचा वडा तिने पुढे केला होता, तो त्याने खाल्लाही होता.

श्रद्धा त्याची वरिष्ठ. वय एकतीस, खोपोलीकडच्या शेतकरी घरातली, पुण्याची पीएचडी. वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती वाईट नव्हती. आईने केलेलं कोकम सरबत ती बाटलीत भरून त्याच्यासाठी आणायची. त्याला ‘दादा’ म्हणायची, आणि त्यात ‘अरे’ कधी नसे. सहा महिन्यांपूर्वी कँटीनमध्ये तिने मान एकीकडे कलती करून म्हटलं होतं, ‘‘मला ना, दादा, तुमच्या नाकाचं फार कौतुक वाटतं. आम्ही दाराशी आलो तरी ढवळतं. मी वाचत होते, हे एपिजेनेटिक असू शकतं हं. म्हणजे पूर्वी तुमच्यात ती कामं असायची ना, मेलेली जनावरं वगैरे... तर दोनतीन पिढ्यांत रिसेप्टर बंद होत जातात. किती इंटरेस्टिंग!’’ राजेश तेव्हा भजी खात होता. त्याने खाणं थांबवून रत्नदीपच्या नाकाकडे पाहिलं, एखाद्या जुन्या पण चालू यंत्राकडे पाहावं तसं. आणि रत्नदीप म्हणाला होता, ‘‘असेल, मॅडम.’’ असेल! गालांचे स्नायू वर गेले होते, दात दिसले होते. ते हसू अजून कुठेतरी चेहऱ्याच्या आत चिकटून होतं, भांड्याला करपलेल्या दुधासारखं. आज कळलं की त्या ‘असेल’चा पुरावा झाला होता. मॅडमनी विचारलं, माणसाने कबूल केलं, कागद झाला. शास्त्र याहून वेगळं काय करतं?

संध्याकाळी मोटरसायकलवरून दहिवलीला जाताना त्याला सगळ्या गोष्टींचा वास येत होता आणि प्रत्येक वासाची त्याला खातरी करून घ्यावीशी वाटत होती. कोंबड्यांच्या टेंपोमागे तो मुद्दाम दोन किलोमीटर राहिला. ओल्या पिसांचा, हगवणीचा, भीतीचा वास. किळस आली, बरं वाटलं. पळसदरीच्या धरणाखाली रविवारी येऊन गेलेल्यांनी टाकलेल्या प्लेटा अजून तिथेच होत्या, बिर्याणीवर हिरवट लव आलेली, शेजारी लहान मुलाचा लंगोट घडी घालून, अगदी व्यवस्थित, दगडावर ठेवलेला. तिथे तो गाडी थांबवून उभा राहिला आणि त्याने खोल श्वास घेतला. येतो. वास येतो. पण किती येतो? मॅडमला आला असता त्याच्या निम्मा, की पाव? हे कळायचं कसं? माणसाला दुसऱ्याचं नाक लावून बघता येत नाही. आणि समजा तिचं खरं असलं तर? समजा आपल्या नाकात आत कुठेतरी एक दार खरंच बंद असलं, आजोबांनी ओढून घेतलेलं? रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने लंगोटासमोर छाती भरून श्वास घेणाऱ्या त्या पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाकडे पाहिलं आणि चाल वाढवली.

आजोबा म्हणजे श्रीपत. डोंगराच्या पायथ्याच्या गावात मेलेली ढोरं ओढायचं काम त्यांच्याकडे होतं, छप्पन्न सालापर्यंत. दीक्षा घेतली आणि त्यांनी काम टाकलं. त्यानंतर पंधरवड्यात मालोजी पाटलाची म्हैस मेली. ही गोष्ट आजी, गंगाबाई, इतक्यांदा आणि इतकी हसत सांगायची की रत्नदीपला लहानपणी ती विनोदीच वाटायची. ‘‘तीन दिस म्हस तशीच गोठ्यात, फुगून ढोल झाली. मालोजी नाकाला उपरनं लावून आमच्या दारी आला. म्हनला, श्रीपत, अरं केवढा वास सुटलाय. तुझं आजोबा म्हनलं, सुटलाय खरा. मालोजी म्हनला, मग? हे म्हनलं, मग काय, आमीपन दारं लावून बसलोय. तवा त्यानं सोताच्या पोरांना जुपलं रं! काय ती पोरं, दोन पावलं ओढायची आन् चार वेळा ओकायची. एक त म्हशीवरच ओकला!’’ इथे आजीला ठसका लागायचा. मग डोळे पुसून ती सहज, शेजारणीचं गाऱ्हाणं सांगावं तशी, जोडायची की त्यानंतर विहीर बंद केली, गिरणी बंद केली, आणि तिचं दुसरं पोर त्या उन्हाळ्यात गेलं. आजोबा या गोष्टीला कधीच हसले नाहीत. ते जेवायला बसले की आधी उजवा हात नाकाशी नेत, हुंगत, मग घास घेत. काम सोडून तीस वर्षं झाली तरी. शेजारी बसलेला रत्नदीपही हात हुंगायचा, त्याला वाटायचं जेवायची हीच रीत आहे. शाळेत डबा खाताना मुलांनी विचारलं तेव्हा कुठे त्याला कळलं की नाही. मग त्याने सोडलं. म्हणजे आपण सोडलं असं त्याला वाटत होतं. गेल्या आठवड्यात कँटीनमध्ये त्याने स्वतःला पकडलं, हात नाकाशी, भाताचा डबा उघडा.

घरी आल्यावर त्याने साबण हुंगला, कणीक हुंगली, डब्यातले सुके बोंबील हुंगले. बोंबलांचा वास त्याला छान वाटला आणि तो हादरला. रूपा पडवीत अंगणवाडीच्या हजेऱ्या भरत होती. तिने चष्म्यावरून पाहिलं.

‘‘काय शोधतोयस?’’

‘‘बोंबलाचा वास कसा वाटतो तुला?’’

‘‘भुकेचा वाटतो. आज का?’’

त्याने त्या पानाची झेरॉक्स काढलेला कागद खिशातून काढून दाखवला. तिने तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तिचे ओठ हलत होते. मग तिने कागद हजेरीच्या वहीपासून लांब, खाली फरशीवर ठेवला.

‘‘सही केलीस?’’

‘‘नुसता र.’’

‘‘नोकरी सोडणार?’’

‘‘या वयात? कोण घेतंय?’’

‘‘मग सही करणार?’’

‘‘नाही.’’

‘‘सही नाय करणार, नोकरी नाय सोडणार. मग काय करणार, त्या बाटलीत जाऊन बसणार? फिरत राहा गोल गोल.’’ ती हजेरीकडे वळली, दोन नावांपुढे बरोबरची खूण केली, आणि मान वर न करता म्हणाली, ‘‘तिला सांग ना, मला वास येतो म्हणून. एवढं एक वाक्य हाय.’’

एवढं एक वाक्य. बुधवारी तो ते घेऊन गेला. रस्ताभर तोंडात घोळवत गेला. आणि दाराशी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की ते वाक्य म्हणजे तक्रार नव्हती, अर्ज होता. मला वास येतो हो, माझंही नाक तुमच्यासारखंच आहे हो, बघा, तपासा. हे सिद्ध करायची पाळी आपल्यावर का यावी? श्रद्धा प्रेझेंटेशन करत होती. ‘‘या ना दादा! वाचलात एसओपी? मुद्दाम तुमचं नाव घातलं मी. ऑडिटमध्ये तुमच्या कॉन्ट्रिब्यूशनची नोंद व्हायला हवी. नाहीतर अशी माणसं दिसतच नाहीत कुणाला.’’ तिचे डोळे खरोखर पाणावल्यासारखे चमकत होते. टेबलावर कोकमाची बाटली होती. ते वाक्य त्याच्या घशाशी आलं, गुरुवारच्या गोळ्यासारखं, आणि अठरा वर्षांच्या सरावाने त्याने ते गिळलं. ‘‘छान झालाय,’’ तो म्हणाला. मग अंधाऱ्या खोलीत जाऊन तो मुळं पाहत बसला. गिरक्या घेणारी, गुबगुबीत, पांढरी. यांना साखर मिळते, पाणी बदललं जातं, बाहेर काय चाललंय याच्याशी यांचं देणंघेणं नाही. सडकं काहीही ओता, ही पितात आणि हलत राहतात. त्याला त्यांची इतकी किळस आली की एक फ्लास्क उचलून फोडावा असं वाटलं. पण काच गोळा करायला लागेल हे आधी सुचलं आणि हात खाली आला. कुठल्याही रागाच्या आधी त्याला साफसफाई सुचत होती. याचं कोणतं एन्झाइम?

गुरुवारी सकाळी राजेश तिसऱ्यांदा आला. श्रद्धाही तिथेच होती, ऑडिटसाठी फाइली लावत. ‘‘दादा, झाली का सही? नुसता र दिसतोय.’’

रत्नदीप त्याच्याकडे न बघता ग्लोव्ह्ज चढवत म्हणाला, ‘‘मॅडम, चार पॉइंट दोनला एकट्याचंच नाव आहे. मी उद्या नाही आलो तर?’’

‘‘तुम्ही कुठे दांड्या मारता दादा!’’

‘‘नाही मॅडम, हा पॉइंट बरोबर आहे,’’ राजेश म्हणाला. त्याच्यातली क्वालिटी जागी झाली. ‘‘ऑडिटर हेच धरेल. बॅकअप कोण? ट्रेनिंग रेकॉर्ड कुठाय? कमीत कमी एकाचं तरी पाहिजे.’’

‘‘मग तुम्ही घ्या ना ट्रेनिंग, राजेश.’’

‘‘मी क्वालिटीत आहे, मॅडम,’’ राजेश म्हणाला. ‘मला दिवस गेलेत’ हे ज्या सुरात सांगतात त्या सुरात.

श्रद्धाने दोघांकडे पाहिलं. ती भित्री नव्हती. ‘‘बरं. मी घेते. एक बॅच ना?’’ तिने केस बांधले, मास्क चढवला आणि लॅमिनार फ्लोसमोरच्या स्टुलावर, रत्नदीपच्या स्टुलावर, बसली. तो तिच्या मागे उभा राहिला. शिकवायला माणूस मागेच उभा राहतो. ‘‘बाटली अर्धी फिरवा. आता पूर्ण. झाकण पालथं ठेवू नका. पिपेट सरळ. मॅडम, श्वास घ्या, नाहीतर हात थरथरतो.’’ तिने श्वास घेतला. तिच्या मानेवरचे बारीक केस एकदम उभे राहिले, ते त्याला स्पष्ट दिसले. पहिला फ्लास्क. दुसरा. मास्कच्या आत तिची हनुवटी वरखाली होत होती: ती गिळत होती. तिला तोंडाने श्वास घ्यायची युक्ती त्याने सांगितली नाही. हे आपण मुद्दाम करतोय हे त्याला कळत होतं, आणि त्यात एक गोड, बुळबुळीत सुख होतं, जिभेवर बसणारं. त्या सुखाचीही त्याला किळस आली. पण सुख थांबलं नाही. तिसरा फ्लास्क. ‘‘किती... किती आहेत अजून?’’ ‘‘पंचेचाळीस.’’ चौथा. पाचव्याचं झाकण तिने उघडलं, पुन्हा लावलं, मास्क ओरबाडून काढला आणि वळून जमिनीवर ओकली.

सकाळची इडली होती. सांबाराचा पिवळा ओघळ फरशीच्या उतारावरून अंधाऱ्या खोलीच्या दाराकडे निघाला, त्यात कढीपत्त्याचं एक अखंड पान तरंगत. आंबट, गरम वाफ आली. राजेश ‘‘अरे बापरे बापरे’’ म्हणत आधी दाराबाहेर आणि मग कॉरिडॉरबाहेर गेला. श्रद्धा गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली, नाकातून धार, पुन्हा एकदा, मग कोरडीच. आणि रत्नदीपच्या लक्षात आलं की त्याच्या हातात मॉप आहे. दारामागून तो कधी काढला, बादलीत कधी बुडवला, पिळला कधी, काही आठवत नव्हतं. मॉप ओघळाच्या पुढ्यात आडवा धरलेला होता, अगदी योग्य कोनात. दारात जमलेल्या तिघाचौघांनी त्याला वाट देण्यासाठी एक पाऊल मागे घेतलं होतं. कुणी काही म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. सगळं नैसर्गिक चाललं होतं.

तो थांबला. ओघळ मॉपपर्यंत आला, जरासा अडला आणि वळसा घालून पुढे गेला. तेवढ्यात गर्दीतून हाउसकीपिंगच्या सोनाबाई पदर खोचत आत आल्या, खालापूरकडच्या, साठीच्या, गुडघे धरलेल्या. ‘‘द्या भाऊ हिकडं. तुमी कशाला? मी करते.’’ त्यांनी हात पुढे केला, आणि मॉप त्या हातात द्यायला त्याचा हात निघालाही. किती सोपं होतं! पुढच्या आवृत्तीत सोनाबाईंचं नाव आलं असतं, कारणासकट.

‘‘नको, सोनाबाई,’’ तो म्हणाला. ‘‘तुमी बसा जरा.’’ सोनाबाईंना बसायला कुणी सांगितलं नव्हतं. त्या उभ्याच राहिल्या. त्याने मॉप श्रद्धापुढे धरला. ‘‘मॅडम.’’

श्रद्धाने वर पाहिलं. डोळे लाल, ओठाला इडलीचा कण. तिला राग येईल असं त्याला वाटलं होतं. राग आला असता तर त्याला पुढचं सगळं सोपं गेलं असतं. तिने मॉप घेतला. तिला पुसता येत नव्हतं. ती ढकलत होती, घाण पसरत होती, पान मॉपच्या दोऱ्यांत अडकून गोल फिरत होतं. ‘पिळून घ्या’ हे दोन शब्द त्याच्या ओठांवर आले, ते त्याने दातांत धरून ठेवले. बरंचसं झाल्यावर ती थांबली.

‘‘तुम्हाला,’’ ती म्हणाली, ‘‘दर वेळी असंच होतं?’’

‘‘पहिली चार मिनिटं.’’

‘‘मग तुम्ही ओकत कसे नाही?’’

‘‘ओकलो तर पुसायचं कोणी, मॅडम?’’

हे त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. म्हणून झाल्यावर त्यालाच ते ऐकू आलं. श्रद्धा ‘दादा’ म्हणाली आणि मॉपच्या दोऱ्यांतलं पान बोटांनी सोडवायला लागली. आपलं वाक्य तिच्या पोटात जाताना त्याला दिसत होतं. ते तिथे किती दिवस राहील, की शुक्रवारपर्यंत कोकमाबरोबर पचेल, हे सांगता येत नव्हतं. आणि ते त्याचं कामही नव्हतं. तो टेबलाशी गेला. शेवटच्या पानावर सहीशेजारी शेऱ्यासाठी चौकोन होता. अठरा वर्षांत त्यात कुणी काही लिहिलेलं त्याने पाहिलं नव्हतं. तिथे त्याने लिहिलं, मराठीत, शाळेत गिरवल्यासारख्या अक्षरात: ‘मला वास येतो. दर वेळी येतो. कारण खोटं आहे. हे काम पाळीने व्हावं.’ मग नियमाप्रमाणे तारीख आणि वेळ घातली, दहा वाजून पन्नास मिनिटं, आणि त्या ‘र’ला उरलेली अक्षरं जोडून सही पूर्ण केली. उद्या ऑडिटर हे वाचेल. कदाचित परवा नोकरी नसेल. ग्लोव्ह ओला होता, शाई जरा फिसकटली.

ग्लोव्ह्ज काढून तो बाहेर आला. ऊन लागलं, आणि उन्हाबरोबर सगळं एकदम वर आलं: बाटली, मोगरा, धरणावरचा लंगोट, सांबार, स्वतःचं ते कँटीनमधलं हसू. त्याने जीभ टाळूला लावली नाही. गिळलंही नाही. गेटाजवळच्या कुंपणापाशी तो वाकला आणि मनसोक्त ओकला. पोटात काही नव्हतं. तरी बराच वेळ पिवळं, कडू पाणी येत राहिलं, आणि प्रत्येक उबळीला त्याच्या डोळ्यांतून धारा लागत आणि वाटे, अजून, अजून येऊ दे. वॉचमन धावत आला, पाठीवर हात ठेवून उभा राहिला. संपल्यावर रत्नदीपने नळाची नळी ओढली, कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि माती सरकवायला लागला.

‘‘रहू द्या भाऊ,’’ वॉचमन म्हणाला, ‘‘मी सांगतो कोनाला तरी.’’

‘‘नको,’’ रत्नदीप म्हणाला. ‘‘हे माझं हाय.’’